हजार गळे, आठपट आवाज

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला लागला आणि पुढचे काही महिने महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत ‘झिंगाट’शिवाय दुसरं काही वाजलंच नाही. त्या गदारोळात एक गोष्ट जरा मागे पडली. पडद्यावर करमाळ्याकडची विहीर आणि केळीची बाग दिसते, आणि ‘याड लागलं’मध्ये त्यांच्यामागे जी व्हायोलिनं उसळून येतात ती वाजवली गेली होती लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीत, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर. हा स्टुडिओ एकेकाळी एमजीएमचा होता. ‘विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत इथलंच. अजय आणि अतुल गोगावले हे महसूल खात्यातल्या वडिलांच्या बदल्यांबरोबर पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांत वाढलेले भाऊ. घरात गाण्याची परंपरा नाही, पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण नाही. त्यांनी चार गाण्यांच्या मराठी चित्रपटासाठी सुमारे चौदा हजार किलोमीटरवर जाऊन साठाहून जास्त वादक समोर बसवले. भारतीय चित्रपटाचं संगीत त्या स्टेजवर ध्वनिमुद्रित व्हायची ही पहिलीच वेळ.

त्यावर अस्सल पुणेरी प्रश्न असा, की कीबोर्डवर बटण दाबलं की व्हायोलिनं निघतात, मग माणसं कशाला जमवायची? आणि जमवायचीच तर दहा पुरणार नाहीत का?

प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मात्र अशा हिशेबात आहे, जिथे शाळेत शिकलेली बेरीज चालत नाही.

समजा एक बाई एकटी गातेय. तिच्या शेजारी तितक्याच ताकदीने गाणारी दुसरी उभी केली. हवेत पसरणारी ऊर्जा दुप्पट झाली, हे खरं. कानाला मात्र जेमतेम फरक कळतो. मोजणीत तो ३ डेसिबलचा. माणसाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि १० डेसिबलसाठी दोन बायका पुरत नाहीत, दहा लागतात. चौपट वाटायला शंभर. आठपट वाटायला हजार. जपानात ओसाकाला १९८३पासून दर डिसेंबरात दहा हजार माणसं एका छपराखाली जमून बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं समूहगान गातात. दहा हजार गळे, आणि कानाच्या खात्यावर जमा किती, तर एका गळ्याच्या सोळापट.

यात कानाचा दोष नाही, उलट सोय आहे. अगदी जेमतेम ऐकू येणारी कुजबुज आणि कान दुखायला लागेल असा आवाज यांच्या तीव्रतेत एक लाख कोटी पटींचा फरक असतो. एवढा पल्ला पेलायचा तर कानाला वाढीव ऊर्जेकडे काणाडोळा करणं भागच आहे. तो भर मोजत नाही, पट मोजतो.

ऊर्जेचाच विषय निघालाय तर आणखी एक आकडा. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये १९३०च्या सुमारास वाद्यांची ताकद मोजली गेली. ७५ वादकांचा ऑर्केस्ट्रा जीव तोडून वाजवत असताना, अगदी कळसाच्या क्षणी, हवेत सोडतो ती ऊर्जा ७० वॅटच्या आसपास. म्हणजे जिन्यातल्या जुन्या पिवळ्या बल्बापेक्षा थोडी जास्त. आणि त्यातला मोठा घास एकटा बास ड्रम घेतो. त्याचेच २५ वॅट. उरलेल्या ७४ जणांच्या घामाचं काय होतं, हे त्यांना न सांगितलेलं बरं.

हे गणित पुण्याला फार जवळून लागू पडतं. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने बजावलं की पुण्याच्या गणेशोत्सवात एका पथकात ढोल, ताशे, झांजा सगळं मिळून तीसपेक्षा जास्त माणसं नकोत. पथकांनी नदीपात्रात सराव केलेला, ढोलांची पानं ताणून ठेवलेली, नवी पोरंपोरी कमरेला ढोल बांधून तयार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबरात, ऐन उत्सवात, त्या अटीला स्थगिती मिळाली. ढोल-ताशा हा पुण्याचा जीव आहे, वाजवू द्या त्यांना, असा न्यायालयाचा एकूण सूर होता.

कायद्याचं कायदा जाणे. आकड्यांचं बघा. शंभर जणांचं पथक तीसवर आणलं तर आवाज किती घटेल? पाच डेसिबल आणि थोडा. कानाला शंभरातला सत्तर तसाच उरतो. माणसं गेली सत्तर टक्के, आवाज गेला तीस टक्के. त्यापेक्षा एकट्या ढोलापासून पाच मीटरवर उभं राहण्याऐवजी दहा मीटरवर गेलात तर मोकळ्यावर सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे सत्तर माणसं घरी पाठवून जे साधलं त्याहून जास्त काही पावलं मागे सरकून साधतं. लक्ष्मी रस्त्यावर अनंत चतुर्दशीला मागे सरकायला जागा कुठे असते, हा भाग वेगळा.

अर्थात याचा अर्थ तक्रार करणाऱ्यांचं चुकतं असाही नाही. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जन मिरवणुकीत चौकाचौकांत आवाज मोजतात आणि आकडे शंभर डेसिबलच्या आसपास घुटमळतात. व्यापारी भागासाठी रात्रीची मर्यादा ५५ आहे. ५५ आणि १०० हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ‘मर्यादेच्या जवळपास दुप्पट’ असं वाटतं. प्रत्यक्षात ४५ डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे ३१,६०० पट, आणि कानाच्या हिशेबानेसुद्धा वीस-बावीस पट. डेसिबल हे एकक लोकांची दिशाभूल करण्यासाठीच काढलं असावं, अशी शंका येते. दोन्ही बाजूंची सारखीच.

तर मग हजार माणसं जमवण्याचा खटाटोप कुणी का करावा? आवाज मोठा करायला म्हणाल, तर तो सगळ्यात महागडा आणि सगळ्यात मठ्ठ मार्ग आहे.

हा खटाटोप ज्याच्या नावावर जमा आहे तो गुस्ताव माहलर. १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकमध्ये त्याची आठवी सिंफनी पहिल्यांदा वाजली. गाणारे ८५८, वाजवणारे १७१, आणि काठी हातात घेऊन उभा स्वतः माहलर, एकूण १,०३०. आयोजक गुटमान हा पक्का धंदेवाईक माणूस, त्याने ‘हजारांची सिंफनी’ असं नाव देऊन टाकलं आणि ते चिकटलं. गाणाऱ्यांत आठ एकल गायक, पाचशे प्रौढ आणि साडेतीनशे मुलं. प्रौढांचे ताफे व्हिएन्ना आणि लाइपझिगहून आलेले, मुलं म्युनिकची. आपापल्या गावात पाठ करून आलेले हे लोक शेवटच्या तालमींत पहिल्यांदा एकमेकांसमोर आले. सिंफनी सुमारे ८० मिनिटांची. १,०२९ माणसं गुणिले ८० मिनिटं म्हणजे ८२,३२० मिनिटं. एकाच माणसाने ही मेहनत न झोपता, न जेवता करायची ठरवली तर त्याला ५७ दिवस लागतील. तालमी यात धरलेल्या नाहीत.

समोर बसलेले श्रोते सुमारे ३,४००. म्हणजे दर तीन-साडेतीन ऐकणाऱ्यांमागे एक जण गात किंवा वाजवत होता. हे प्रमाण आपल्याकडच्या प्रमाणाशी ताडून बघण्यासारखं आहे. १९५३मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मंचावर एक गायक, तबला, पेटी आणि मागे दोन तानपुरे असे पाच जण. मंडपात दहा हजार लोक धरले तर दर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यामागे दोन हजार श्रोते. म्युनिकच्या तोडीचं प्रमाण पुण्यात साधायचं म्हटलं तर मंचावर तीन हजार माणसं बसवावी लागतील, आणि मग सतरंजीवर डबा उघडून बसायला जागा राहायची नाही.

एवढ्या माणसांना एका लयीत ठेवणं हा वेगळाच पेच. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ऐकायला भरपूर वाटतं. पण रस्त्यावर ३५ मीटर लांबीत पसरलेल्या पथकाच्या मागच्या रांगेतल्या ढोलवाल्याला पुढच्या ताशाचा आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. ताशाच्या तर्रीत एक दशांश सेकंद म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्यात दोन-तीन काड्या पडून जातात. सेकंदाला दोन ठोके अशी चाल असेल तर १७० मीटर मागे उभ्या असलेल्याच्या कानी पहिला ठोका पडेस्तोवर पुढे दुसरा पडलेला असतो. म्हणून मोठ्या पथकात कानावर भिस्त ठेवून चालत नाही, पुढे उभं राहून हातवारे करणाऱ्याकडे डोळा ठेवावा लागतो. प्रकाशाला उशीर होत नाही.

कंडक्टरच्या काठीचं कामही हेच. आपल्याला लांबून वाटतं की हा गृहस्थ हवेत नुसता चित्रं काढतोय, वाजवणारे तर वाजवतायतच. प्रत्यक्षात कॉयरमधली, म्हणजे समूहगायकांच्या ताफ्यातली, मागच्या पायरीवरची माणसं जे ऐकतात ते शिळं असतं. ऐकलं त्यावर गायचं नाही, दिसलं त्यावर गायचं, ही सवय अंगी मुरायला वर्षं जातात, कारण गाणारा माणूस जन्मभर नेमकं उलट शिकलेला असतो.

वारीने हा पेच सोडवण्याच्या भानगडीत न पडता मोडीतच काढला. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा रस्त्यावर लाखभर गळे एकच गजर करत असतात. ती रांग पाच किलोमीटर लांब धरली तर टोकाचा आवाज शेपटापर्यंत पोचायला चौदा सेकंद लागतील, तोही वाटेत विरून गेला नाही तर. पण वारी हा एक कॉयर नाहीच. दर दिंडीचा वीणेकरी वेगळा, मृदंग वेगळा, टाळकऱ्यांच्या रांगा वेगळ्या. पुढच्या दिंडीत काय चाललंय याच्याशी मागचीला देणंघेणं नाही. लाखभर माणसं एकत्र गातात ती एकमेकांचं फारसं न ऐकता, आणि तरी कुणाचं बिघडत नाही. माहलरला ही मुभा नव्हती.

आणि मुळात माहलरला हजार गळे कशासाठी हवे होते, हे बघायला त्या सिंफनीच्या शेवटाकडे जावं लागतं. शेवटचं समूहगान सुरू होतं ते जवळजवळ ऐकूच येणार नाही इतकं हलकं. स्वरलिपीत त्याने सूचना लिहिली आहे ती श्वासासारखं गा अशी. आठशे पन्नास माणसं जमवायची आणि त्यांना श्वास सोडल्यासारखं गायला सांगायचं! पैसे घालणाऱ्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. पण कुजबुजणारा एक गळा आणि कुजबुजणारे आठशे गळे यांत फरक मोठेपणाचा नसतो, पोताचा असतो.

हा पोत कुठून येतो? गोची अशी की तो चुकांतून येतो. सोळा व्हायोलिनवादक एकच स्वर वाजवतात तेव्हा कुणाचंही बोट अगदी त्याच जागी नसतं. एक जण केसभर वर, दुसरा केसभर खाली. एकाचा गज आधी उठतो, दुसऱ्याचा नंतर. स्वराला हलकी थरथर देण्याची प्रत्येकाची गती निराळी. हे फरक इतके बारीक की बेसूर वाटत नाहीत, पण कान त्यांची गोळाबेरीज करून एक जाड, चमकता, हलता स्वर ऐकतो. आपल्याकडे हेच काम दोन तानपुरे करतात. कितीही जिवापाड जुळवले तरी दोन तानपुरे तंतोतंत एक होत नाहीत, आणि झाले असते तर गवयांनी दुसरा उचलून घरी ठेवला असता.

कीबोर्डच्या बटणाचं उत्तर इथे मिळतं. आता कीबोर्डातल्या व्हायोलिनांमागेही खरे वादक असतात, सोळा-सोळांचे ताफे बसवून एकेक स्वर टिपलेला असतो. पण एकेक सुटा. या स्वरावरून पुढच्या स्वरावर जाताना सोळा माणसं मिळून जो श्वास घेतात, ज्या कारणाने सगळ्यांचा गज किंचित घाईला येतो, ते त्यात कुठून येणार? दहा सेकंदांच्या जिंगलला हे चालून जातं. ‘याड लागलं’च्या सुरुवातीला नसतं चाललं.

पूर्ण ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांचा ठरलेला आकडा असा असतो: पहिली व्हायोलिनं १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १०, डबल बास ८. एकूण ६०. या साठांसमोर ट्रंपेट किती, तर तीन-चार. पितळेच्या एका भोंग्याला तोंड द्यायला गजाची एवढी फौज लागते. आणि या सगळ्या फौजेला पुरून उरतो तो एक उघडा गळा, मायक्रोफोनशिवाय. ऑर्केस्ट्राचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीतल्या कंपनांत असतो, सेकंदाला ५००च्या आसपास. वर तो झपाट्याने ओसरतो. तयारीचा ऑपेरा गायक घसा असा ठेवतो की त्याच्या आवाजातली बरीचशी ताकद २,५०० ते ३,००० कंपनांपाशी गोळा होते. तिथे ऑर्केस्ट्रा जवळजवळ गैरहजर, आणि माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत तल्लख. गर्दीशी मारामारी न करता मोकळ्या गल्लीतून निघून जाण्याचा हा प्रकार. आपले जुने संगीत नट पांढरी चार, पांढरी पाच असल्या उंच पट्ट्या धरून मायक्रोफोनशिवाय पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचत, तेव्हा तेही असंच काहीतरी करत असणार. त्यांच्या साथीला मात्र साठ व्हायोलिनं नव्हती. ऑर्गन, सारंगी, तबला, संपलं.

रागदारी आणि ही साठांची फौज यांची गाठ घालायचा प्रयत्न अजय-अतुलच्या आधी अर्धशतक मुंबईत झाला होता, आणि तो करणारा होता माजोर्ड्याचा एक गोवेकर. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण १९७७पासून गाण्यात अमिताभ बच्चनच्या तोंडी ऐकतो. लक्ष्मीकांत-प्यारेलालपैकी प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला त्या गाण्यातून सलाम ठोकला होता. खरे अँथनी गोन्साल्विस हिंदी चित्रपटांत वाजवत, अरेंजमेंट करत. १९५८मध्ये त्यांनी शंभरएक वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेल्या आपल्या रचना सादर केल्या. एकल गायक कोण, तर लता मंगेशकर आणि मन्ना डे. दिवसभर स्टुडिओत तीन मिनिटांच्या गाण्याची व्हायोलिनं घासणारी माणसं संध्याकाळी आपल्याच एका माणसाची दीर्घ रचना वाजवायला बसली. पुढे १९६५च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, आणि परत आल्यावर चित्रपटसृष्टीत रमले नाहीत. २०१२मध्ये गोव्यात वारले. हा प्रयोग पुढे का गेला नाही, याचं उत्तर मला तरी पैशात दिसतं. शंभर माणसांना तालमीला बसवायचं तर शंभर बिदाग्या लागतात, आणि त्या फक्त सिनेमा देत होता.

उलट दिशेने आलेला एक जण होता, जॉन फोल्ड्स. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याने लिहिलेलं ‘वर्ल्ड रेक्विएम’ ११ नोव्हेंबर १९२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालं तेव्हा गाणारे-वाजवणारे मिळून बाराशेवर होते. माहलरपेक्षाही जास्त. हाच माणूस १९३५मध्ये हिंदुस्थानात आला, दिल्लीच्या आकाशवाणीवर रुजू झाला आणि भारतीय वाद्यांचा लहानसा वृंद जमवून, वादकांना स्वरलिपी शिकवत, नव्याने सुरुवात करू लागला. १९३९मध्ये कलकत्त्यात त्याला पटकी झाली आणि तो गेला. बाराशेंवरून मूठभरांवर येताना त्याला काय वाटलं असेल हे सांगता येत नाही, पण एवढं दिसतं की आकड्याचं त्याला फारसं कौतुक नसावं.

गाणारे-वाजवणारे जमले तरी लिहिणारा एकटाच असतो, आणि लिहिण्याचं गणित निराळंच आहे. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या स्वरलिपीच्या पानावर एकाखाली एक तीसेक ओळी असतात, दर वाद्यगटाला एक, खाली कॉयरच्या चार. चाळीस मिनिटांची सिंफनी, मिनिटाला नव्वद मात्रांची चाल, चार मात्रांचा एक खंड धरला तर खंड होतात ९००. नऊशे गुणिले तीस म्हणजे २७,००० चौकटी. प्रत्येकीत काहीतरी लिहायचं, किंवा इथे गप्प बसा अशी खूण करायची. ते गप्प बसणंही लिहावं लागतं. बेथोव्हेनच्या नवव्यात कॉयर पाऊण तासाच्या आसपास नुसता बसून असतो, मग शेवटच्या ९४० खंडांच्या मूव्हमेंटमध्ये त्याची पाळी येते, आणि तीही लगेच नाही.

अजय-अतुल ज्यांना जाहीरपणे आदर्श मानतात त्या इळैयाराजांची ‘व्हॅलियंट’ ही सिंफनी ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने वाजवली. हजारावर चित्रपट आणि सात हजारांवर गाणी नावावर असलेल्या या माणसाने ऐंशीच्या घरात चार मूव्हमेंटची सिंफनी पस्तीस दिवसांच्या आत लिहून काढल्याचं सांगितलं. वरचं माझं सरासरी गणित त्यांना लावून बघितलं तर दिवसाला ७७० चौकटी. रोज दहा तास बैठक मारली तर दर पाऊण मिनिटाला एक. रिकाम्या चौकटी बऱ्याच असतात हे मान्य करूनही, विचार करायला वेळ कधी मिळाला, असा प्रश्न पडतो. बहुधा आधीची पन्नास वर्षं तेच चाललेलं असावं.

वेगाच्या बाबतीत मात्र फिनलंडच्या लाइफ सेगरस्टामपुढे कुणाचा टिकाव लागत नाही. बेथोव्हेनच्या ९, मोझार्टच्या ४१, हायडनच्या क्रमांक दिलेल्या १०४. सेगरस्टाम २०२४मध्ये वारले तेव्हा त्यांच्या सिंफनींचा आकडा होता ३७१. रोज एक ऐकायची म्हटली तर वर्ष संपून वर सहा सिंफनी उरतात. यातल्या बहुतेक एकाच मूव्हमेंटच्या आहेत आणि कंडक्टरशिवाय वाजवायच्या आहेत, वादकांनी एकमेकांचा अंदाज घेत. गंमत म्हणजे सेगरस्टाम स्वतः नावाजलेले कंडक्टर होते. किती ऐकण्यासारख्या, हे विचारू नये. इतक्या कुणी ऐकल्या असतील असं वाटत नाही.

आता पुण्यात उद्या कुणी ऑर्केस्ट्रा आणि कॉयरसाठी सिंफनी लिहून तयार केलीच, तर काय काय लागेल? शंभर वादकांना बसायला सुमारे १५० चौरस मीटर. चेलो-बासवाल्यांना कोपर हलवायला जास्त जागा, बासरीवाल्याला कमी. दोनशे गायकांना माणशी अर्धा चौरस मीटर, म्हणजे आणखी १००. एकूण अडीचशे चौरस मीटर, आपल्या भाषेत २,७०० चौरस फूट. पुण्यात एवढी जागा म्हटल्यावर कंडक्टरच्या आधी बिल्डर आठवतो. शिवाय आपले व्हायोलिनवादक मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून बसतात, त्यांना खुर्चीच्या हिशेबात कसं बसवायचं ते वेगळंच. पगारी सिंफनी ऑर्केस्ट्रा शहरात नाही. मुंबईत एनसीपीएचा आहे, तोही २००६पासूनचा, आणि त्यालाही बाहेरदेशचे वादक बोलवावे लागतात.

गळ्यांचा तुटवडा नाही. जानेवारी २०१०मध्ये पुण्यातच ‘अंतर्नाद’ या कार्यक्रमात अडीच हजारांवर शास्त्रीय गायक एका वेळी गायले. माहलरच्या तिप्पट. पण ते सगळे एकच स्वर गात होते. आरती असो, हरिपाठ असो, शाळेतलं समूहगान असो, आपल्याकडे एकत्र गाणं म्हणजे एकसुरात गाणं. माहलरच्या आठव्यात दोन प्रौढ कॉयर, प्रत्येकाचे चार-चार वेगळे स्वर, शिवाय मुलांचा नववा आणि वर आठ एकल गायक. शेजारचा दुसरंच काही गात असताना आपलं सोडायचं नाही, हे या प्रकारातलं खरं कसब, आणि ते अडीच हजारांना शिकवण्यापेक्षा चाळीस जणांना शिकवणं शहाणपणाचं. आवाजात फरक म्हणाल तर जेमतेम साडेतीनपट.

जगभरच्या कॉयरवाल्यांची एक कायमची तक्रार असते, की उंच पट्टीत गाणारे पुरुष, म्हणजे टेनर, मिळत नाहीत. संगीत नाटकांच्या पदांवर गळे घासलेल्या शहराला ती अडचण येऊ नये. पांढरी चारला आरामात गाणारे चार-सहा जण पुण्यात कुठेही सापडतील. त्यांना फक्त एवढं पटवावं लागेल, की बाजूची सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतली गायिका, वेगळे स्वर गाते आहे ते चुकून नव्हे, आणि तिला थांबवून बरोबर चाल सांगायची गरज नाही.